रूळ बघा, मग द्राक्षमळा निवडा: मोझेल, आल्सास आणि वाखाऊच्या सायकल-रेल्वे सेवेचं परीक्षण

मित्रांनी मिळून युरोपातले द्राक्षमळे सायकलवर फिरायचं ठरवलं की पहिली चर्चा वाइनची होते, दुसरी हॉटेलांची, आणि रेल्वेचा विषय तिकीट काढायच्या दिवशी निघतो. हा क्रम उलटा हवा. नदी कितीही देखणी असो, तिच्या काठानं लोकल गाडी धावत नसेल तर एकाचा गुडघा दुखला की सगळ्यांचा दिवस बसतो. म्हणून इथे परीक्षण वाइनचं नाही, सायकलसकट चढू देणाऱ्या गाड्यांचं आहे. खोरी तीन: जर्मनीतलं मोझेल, फ्रान्समधलं आल्सास, ऑस्ट्रियातलं वाखाऊ.

आपल्याकडे रेल्वेनं सायकल न्यायची म्हणजे पार्सल ऑफिस गाठा, पावती फाडा, आणि सायकल त्याच गाडीत चढली की नाही याची काळजी करत बसा. तिकडच्या प्रादेशिक गाड्यांत सायकल तुमच्याच डब्यात, तुमच्याच हातानं चढते. नागपूर मेट्रोत सायकल नेऊ देतात, त्यातलाच हा प्रकार समजा. जायच्या आधी सीताबर्डी इंटरचेंजला पिशव्या लादलेली सायकल घेऊन एकदा लाइन बदलून बघा. कोणाची सायकल किती जड आहे ते तिथेच कळतं.

मोझेल

ट्रिअर ते कोब्लेन्झ सायकलमार्ग साधारण २०० किलोमीटरचा, नदीच्या प्रवाहाबरोबर जाणारा, जवळजवळ सपाट आणि बहुतेक ठिकाणी डांबरी. रोज ५० किलोमीटर धरले तर चार दिवस. नागपूर ते रामटेक एका दमात जाणाऱ्याला हे अंतर जड नाही, फक्त ते चार दिवस लागोपाठ करायचं असतं. सरावही तसाच करा: शनिवारी ५० आणि रविवारी पुन्हा ५०, मागे आठ-दहा किलो सामान लादून.

आता रुळांकडे या. कोब्लेन्झपासून बुलायपर्यंत रेल्वे नदीला चिकटून जाते. विनिंगेन, कोबर्न-गोंडोर्फ, हात्सेनपोर्ट, मोझेलकेर्न, ट्राइस-कार्डेन, कोखेम, एडिगर-एलर, नेफ अशी स्टेशनं एकामागून एक आहेत. आरबी ८१ ही गाडी प्रत्येक गावात थांबते, आरई १ ही जलद गाडी मोजक्या ठिकाणी. एलर ते कोखेमचा वळसा सोडला तर या पट्ट्यात थकणं, पंक्चर होणं, पाऊस येणं यातलं काहीही झालं तरी पुढचं स्टेशन काही किलोमीटरवरच असतं. रेल्वेच्या सोयीसाठी या भागाला ५ पैकी ४.५.

बुलायच्या पुढे मात्र रेल्वे नदीला सोडून विटलिखमार्गे ट्रिअरकडे निघून जाते, आणि नेमकी नावाजलेली गावं, म्हणजे उर्त्सिग, त्सेल्टिंगेन, बेर्नकास्टेल-कुएस, पीसपोर्ट, याच बिनरेल्वेच्या वळणांवर आहेत. बुलायहून ट्राबेन-ट्रारबाखपर्यंत एक छोटी शाखा आहे, तेवढाच आधार. ट्रिअरहून निघाल्यावर ट्राबेन-ट्रारबाखपर्यंतचे ८५ च्या आसपास किलोमीटर पायांवरच काढायचे. पहिल्या दोन दिवसांत कोणी ढेपाळला तर दोन वाटा उरतात. एक, सायकलसाठी ट्रेलर लावलेली रेगिओराडलर बस. ती हंगामातच चालते आणि तिच्यात सायकलच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे पाच सायकलींचं आरक्षण आधी करावं लागतं. पाच जण आयत्या वेळी थांब्यावर उभे राहिले तर दोघं-तिघं मागे राहण्याची शक्यता जास्त. दुसरी वाट, बेर्नकास्टेलकडून विटलिखला जाणारा मारे-मोझेल सायकलमार्ग. जुन्या रेल्वेच्या जागेवर केलेला असल्यामुळे त्याचा चढ सौम्य आहे. विटलिखचं मुख्य स्टेशन गावापासून बाजूला आहे, त्यामुळे ‘विटलिखला उतरलो की पोचलोच’ असं धरून हॉटेल बुक करू नका. या वरच्या भागाला ३.

कोखेमच्या अलीकडे एक गंमत आहे, आणि ती कामाचीही आहे. एलरपासून कोखेमपर्यंत नदी वीसहून जास्त किलोमीटरचा वळसा घेते. रेल्वे मात्र ४.२ किलोमीटरच्या कायझर विल्हेल्म बोगद्यातून डोंगराच्या पलीकडे निघते. म्हणजे ग्रुप दोन भागांत विभागता येतो. दमलेल्यांनी एडिगर-एलरला गाडी पकडायची, काही मिनिटांत कोखेमला उतरायचं आणि खोल्या ताब्यात घ्यायच्या. बाकीच्यांनी वळसा करायचा. वळशाच्या आधी ब्रेमजवळ काल्मोंटचा कडा दिसतो, युरोपातल्या सगळ्यात तीव्र उताराच्या द्राक्षमळ्यांपैकी एक, काही जागी उतार ६५ अंशांच्या घरात. तो खालूनच बघावा.

सायकल चढवताना काय चुकतं

सगळ्यात जास्त घोळ फलाटावरच होतो, कारण गाडी लहान स्टेशनवर मिनिटभरच थांबते. मागच्या पिशव्या गाडी यायच्या आधी काढून खांद्यावर घ्या. पिशव्यांसकट सायकल दारात अडकते आणि मागचे चार जण खोळंबतात. दारावर सायकलचं चित्र असलेला डबाच धरा. पाच जणांनी एकाच दाराला गर्दी करण्यापेक्षा तीन आणि दोन असे वेगळ्या दारांनी चढा. जो शेवटी उतरणार त्याची सायकल भिंतीकडे, जो आधी उतरणार त्याची बाहेरच्या बाजूला. सायकली एकमेकींना टेकवून एक पट्टा बांधला की ब्रेक लागल्यावर पडत नाहीत, आणि पट्टा स्वतःचाच न्यावा. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी आली तर जागा तिची, सायकलवाल्यानं उतरून पुढची गाडी घ्यायची. जागा नाही असं गार्ड म्हणाला तर तो विषय तिथेच संपतो, ‘अॅडजस्ट करून घ्या ना’ तिथे चालत नाही.

ट्रिअर–कोब्लेन्झ मार्गावरची जलद गाडी बरेचदा दोन गाड्या जोडून केलेली असते. ट्रिअरला त्या सुटतात: एक लक्झेंबर्गला, दुसरी झारब्रुकेनच्या दिशेनं. ट्रिअरला उतरणाऱ्याला फरक पडत नाही, पण पुढे जायचं असेल तर फलाटावरच्या पाटीवर आपला भाग पुढचा की मागचा हे बघूनच चढा. नाहीतर दोन मित्र लक्झेंबर्गला आणि तिघं झारब्रुकेनला, असा प्रकार होतो.

मोझेलचा हा भाग ज्यात येतो त्या ऱ्हाइनलँड-फाल्झ राज्यात प्रादेशिक गाड्यांत सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतर, आणि शनिवार-रविवारी दिवसभर, सायकल फुकट नेता येते. ९ च्या आधी सायकलचं वेगळं तिकीट लागतं आणि शाळा-ऑफिसची गर्दीही तेव्हाच असते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवारी दुपारी वाइन महोत्सवांची गर्दी याहून वाईट. तेव्हा शनिवारी सकाळीच गाडीचं काम उरकून दुपारी सायकल चालवावी.

माणसांच्या तिकिटाचं गणित ग्रुप किती जणांचा आहे यावर ठरतं. ऱ्हाइनलँड-फाल्झ टिकिट हे दिवसाचं तिकीट एकत्र फिरणाऱ्या जास्तीत जास्त ५ जणांना चालतं, आठवड्याच्या दिवशी सकाळी ९ पासून. सहावा आला की दुसरं तिकीट, आणि सहाव्या सायकलची जागाही डब्यात अवघडच. त्यामुळे ग्रुप पाचाचा करा. सहा होत असतील तर तीन-तीनचे दोन ग्रुप समजून फिरा. डॉइचलांडटिकिट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरोचं आहे आणि देशभरच्या प्रादेशिक गाड्यांत चालतं. आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये नाही, आणि त्यात सायकल धरलेली नाही. शिवाय ते वर्गणीचं तिकीट आहे. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात. दोन आठवड्यांहून कमी फिरणाऱ्यांना दिवसाचं तिकीटच बरं.

युरेल पास, म्हणजे अनेक देशांत चालणारा रेल्वेचा पास, या सहलीसाठी घेऊ नका. तो लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी परवडतो, म्हणजे चार देशांच्या राजधान्या करणाऱ्यांना. सायकलचं भाडं त्यात नसतं आणि फ्रान्सच्या टीजीव्ही या अतिजलद गाडीला पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. ४० किलोमीटरच्या लोकल प्रवासासाठी पासचा एक दिवस खर्ची घालणं म्हणजे शुद्ध तोटा.

सायकल इथून नेऊ नका

सायकल भाड्यानंच घ्या. इथून न्यायची तर खोका २३ किलोत बसवा, पेडल काढा (डाव्याचे आटे उलटे असतात, जोर लावून चुकीच्या बाजूला फिरवलं तर क्रँक जातो), हँडल वळवा, आणि तिकडे पोचल्यावर तो खोका परतीपर्यंत कुठे ठेवायचा हा प्रश्न सोडवा. ई-बाइकची बॅटरी तर प्रवासी विमानात नेताच येत नाही. मर्यादा १६० वॉट-तासांची आणि बॅटरी त्याच्या तिप्पट असते.

भाड्याची साधी ट्रेकिंग सायकल दिवसाला साधारण १५ ते २० युरो, ई-बाइक त्याच्या दुपटीच्या आसपास. ई-बाइक २५ किलोपर्यंत जाते. जिना असलेल्या, लिफ्ट नसलेल्या स्टेशनवर ती उचलायची तुम्हालाच आहे, हे ध्यानात घेऊन ठरवा. ट्रिअरला घेऊन कोब्लेन्झला परत करायची तर दुकान एकेरी प्रवासाचा जादा आकार लावतं. तो वाचवायचा साधा उपाय: सायकली कोब्लेन्झलाच घ्या, सकाळी ९ नंतरच्या गाडीनं सायकलींसकट ट्रिअरला जा, आणि नदीबरोबर चालवत कोब्लेन्झला परत या. गाडीला दीड तासाच्या आसपास लागतो.

ताब्यात घेताना दोन गोष्टी दुकानासमोरच तपासा. तिकडे पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. उतारावर सवयीनं डावा ब्रेक करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. दुसरं, बऱ्याच जर्मन सायकलींना पेडल उलटं फिरवलं की मागचा ब्रेक लागतो. सिग्नलला थांबताना पेडल मागे फिरवून वर घ्यायची सवय असेल तर चाक जाम होतं. मोकळ्या जागी दहा मिनिटं फिरून हात-पाय जुळवून घ्या. आणि रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं आहे, हे विशेषतः सकाळी पहिल्यांदा रस्त्यावर येताना एकमेकांना आठवण करून द्या.

राहायला ‘बेट+बाइक’ अशी पाटी असलेली हॉटेलं निवडा. जर्मन सायकल संघटना एडीएफसीची ही मान्यता आहे. एका रात्रीसाठीही खोली देतात आणि सायकलींना कुलूपबंद जागा असते.

पिणं आणि पेडल मारणं

मोझेलची रीसलिंग ही पांढरी वाइन सायकलवाल्याला सोयीची, कारण काबिनेट या हलक्या प्रकारातल्या बऱ्याच बाटल्यांत मद्यार्क ८-९ टक्केच असतो. लेबलवर ‘ट्रोकेन’ असेल तर कोरडी, ‘हाल्बट्रोकेन’ किंवा ‘फाइनहेर्ब’ असेल तर थोडी गोडसर. दुपारी तहान लागली असेल तर शोर्ले मागा, म्हणजे वाइन आणि सोडा. न पिणाऱ्यासाठी द्राक्षरस सगळीकडे मिळतो आणि कोणी आग्रह करत नाही.

हॉटेलच्या रेस्टॉरंटपेक्षा श्ट्राउसविर्टशाफ्ट शोधा. मळेवाला स्वतःच्या अंगणात वर्षातून फार तर चार महिने आणि ४० खुर्च्यांपर्यंत हे चालवू शकतो. वाइन घरची, खाणं साधं. शाकाहाऱ्यांनी फ्लामकुखेन (पिझ्झासारखी पातळ भाजलेली पोळी) मागवताना ‘ओने श्पेक’ म्हणायचं, नाहीतर त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. कांद्याच्या त्स्वीबेलकुखेनमध्येही ते असतात, म्हणून विचारूनच घ्या. सावजीवर वाढलेल्या जिभेला हे सगळं फिकं लागेल. लसणाच्या चटणीची पुडी पिशवीत असू द्या. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळीच ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवा.

सप्टेंबरअखेर फेडरवाइसर मिळते, अजून आंबत असलेली ताजी वाइन. वायू बाहेर जावा म्हणून तिचं बूच सैल असतं. ती आडवी करून पिशवीत टाकली तर सगळे कपडे चिकट होतात, आणि बूच घट्ट लावलं तर बाटली फुटू शकते. ती बसून, तिथेच प्या.

कायदा तीन देशांत तीन तऱ्हेचा आहे. फ्रान्समध्ये सायकलवाल्यालाही मोटारीचीच मर्यादा, रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम. ऑस्ट्रियात ०.८. जर्मनीत १.६ ला सायकलस्वार थेट गुन्हेगार ठरतो, पण तोल जात असेल किंवा अपघात झाला तर ०.३ पासूनही कारवाई होते. जर्मनीचा आकडा मोठा दिसतो म्हणून सूट समजू नका. नदीकाठच्या मार्गाला बऱ्याच जागी कठडा नाही.

आल्सास

इथला वाइन मार्ग १९५३ पासूनचा, मार्लेनहाइम ते थान, १७० किलोमीटर. सायकलमार्ग त्याच्या आसपास, मळ्यांमधून जातो. गावं मोझेलपेक्षा जास्त रंगीत, वाइन जास्त दमदार, आणि चढ-उतार सतत. एकेक चढ सेमिनरी हिल्सएवढाच, पण दिवसातून सात-आठदा. ज्यांना इथे ई-बाइक हवीशी वाटेल त्यांनी लाजू नये.

अडचण रुळांची आहे. स्ट्रासबूर–सेलेस्टा–कोल्मार–म्युलूझ ही मुख्य लाइन सपाट मैदानातून जाते आणि रिक्वीर, कायझर्सबेर्ग ही गावं पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी. म्हणजे स्टेशन ते गाव दरवेळी दहा-बारा किलोमीटर, चढावर. त्यामुळे मोझेलसारखं रोज नव्या गावी मुक्काम हलवण्यापेक्षा कोल्मारला तीन रात्री ठोकून रोज वेगळी फेरी करणं शहाणपणाचं. एगीसहाइम तर अर्ध्या तासात गाठता येतं. उत्तरेकडून सुरुवात करायची असेल तर स्ट्रासबूरहून ब्रुश कालव्याच्या काठानं मोल्सहाइमकडे जा. वोबाँ या फ्रेंच लष्करी अभियंत्यानं १६८२ मध्ये बांधलेला हा कालवा वीस किलोमीटर सपाट सोबत देतो, आणि मोल्सहाइम, ओबेरनाय, बार या बाजूला परतीची गाडीही आहे.

टीईआर या फ्रान्सच्या प्रादेशिक गाड्यांत सायकल फुकट, पण जागा असेल तरच. स्ट्रासबूर-बाझेल मार्गावर नोकरीवाल्यांची गर्दी असते; सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४:३० ते ६:३० टाळा. काही डब्यांत सायकल पुढच्या चाकानं हुकला उभी टांगावी लागते. जाड टायर किंवा लांब मडगार्ड त्यात बसत नाही, आणि ई-बाइक एकट्याला उचलवत नाही. दुपारी १२ ते २ मळेवाले जेवायला दार लावून घेतात. एकूण ३.५.

मोझेलहून आल्सासला जायचं तर ट्रिअर–लक्झेंबर्ग–मेट्झ–स्ट्रासबूर असा प्रादेशिक गाड्यांचा मार्ग आहे. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून सार्वजनिक वाहतूक सगळ्यांना फुकट आहे. सीमा ओलांडायच्या टप्प्यापुरतंच तिकीट लागतं. याच देशात मोझेलच्या काठी शेंगेन नावाचं गाव आहे, ज्याच्या नावाचा व्हिसा तुमच्या पासपोर्टवर असेल. १९८५ चा करार तिथेच नदीतल्या बोटीवर झाला. नदीपलीकडच्या पेर्ल स्टेशनवरून ट्रिअरला गाडी आहे, म्हणजे एक जादा दिवस असेल तर तिथूनही सुरुवात करता येते.

वाखाऊ

क्रेम्स ते मेल्क, डॅन्यूबच्या काठानं जेमतेम ३६ किलोमीटर, २००० पासून जागतिक वारसा. एका दिवसात होतं, दोन दिवसांत चांगलं होतं. दक्षिण काठ शांत, उत्तर काठावर गावं जास्त. ड्युर्नस्टाइन, वाइसेनकिर्खेन आणि श्पिट्झ इथल्या छोट्या तरींनी काठ बदलता येतो आणि तरीत सायकलही जाते. वाइनचे तीन दर्जे पाठ करा: श्टाइनफेडर ११.५ टक्क्यांपर्यंत, फेडरश्पील १२.५ पर्यंत, स्मारागड त्याच्या वर. दुपारी पहिला, मुक्कामी पोचल्यावर तिसरा.

रेल्वे मात्र दोन्ही टोकांनाच. क्रेम्सहून आणि मेल्कहून व्हिएन्नाकडे गाड्या आहेत, पण मधल्या खोऱ्यातली गाडी हंगामी, पर्यटनाची आहे. सौंदर्याला ५, रुळांना २.५. फक्त वाखाऊसाठी नागपूरहून जाऊ नये. व्हिएन्ना करणारच असाल तर दोन दिवस जोडा.

कागदपत्रं आणि परतीच्या बाटल्या

व्हिसासाठी अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. रात्री समान असतील तर आधी उतरणार त्या देशाकडे. शुल्क ९० युरो, विमा किमान ३० हजार युरोचा. विम्याच्या अटींत सायकलिंग वगळलेलं नाही ना, ते वाचून घ्या; काही स्वस्त पॉलिसी ‘साहसी खेळ’ म्हणून हात वर करतात. हॉटेलची बुकिंग रद्द करता येणारीच काढा आणि पाचही अर्जांत मुक्कामाची यादी तंतोतंत एकच ठेवा. गावागणिक मुक्काम बदलत असल्यामुळे एखादी रात्र एकाच्या अर्जात सुटते आणि तिथेच शंका निघते.

भरलेली ७५० मिलिची बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. सहा बाटल्या एकाच बाजूला टांगल्या तर सायकल वळणावर ओढते. दोन्ही बाजूंना तीन-तीन, कपड्यांत गुंडाळून, तळाशी. त्यापेक्षा खरेदी शेवटच्या गावी करा. मोझेलवर ते विनिंगेन, तिथून कोब्लेन्झ दहा किलोमीटरच्या आत आहे. भारतात येताना माणशी २ लिटर मद्य विनाशुल्क आणता येतं, म्हणजे ७५० मिलिच्या दोन बाटल्या. तिसरी घेतली की २५० मिलि मर्यादेबाहेर. बाटल्या चेक-इन सामानात, मधोमध. आणि ग्रुपमधला कोणी वर्ध्याचा असेल तर त्याच्या वाटच्या बाटल्या नागपूरलाच उतरवून घ्या, तिथे दारूबंदी आहे.